दुसऱ्या खुंटीवरचा शर्ट

१

“थोरला आहे तोवर धाकट्याने हुकाला हात लावायचं काही कारण नाही.”

सासूबाईंचं हे वाक्य नव्या सुनेसाठी नव्हतं. ती मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती आणि स्वयंपाकघराची खिडकी नेमकी तिच्या डोक्याशी उघडी होती, एवढाच काय तो तिचा गुन्हा. आत सासरे काहीतरी पुटपुटले. कप बशीवर जरा जोरात टेकला. मग पुन्हा सासूबाई : “तुम्ही नका त्याच्या मनात काही भरवू. रोज वेळेवर जातोय ना थोरला? बघतोय ना सगळं? मग झालं तर.”

खरं तर यात अडखळण्यासारखं काही नव्हतं. सासरे जन्मभर कारखान्याच्या शेडमध्ये क्रेन चालवून घरी बसलेले, नवरा त्याच शेडमध्ये क्रेन चालवणारा. या घरात हुक आणि साखळ्यांवर जितकं बोलणं होई तितकं दुसऱ्या घरांत पाऊसपाण्यावर होत असेल. आणि घर म्हटलं की थोरला-धाकटा आलाच. अडचण इतकीच होती की या घरातला थोरला जिवंत नव्हता. तिच्या लग्नाच्या बऱ्याच आधी तो त्याच शेडमध्ये, वरून सुटलेल्या ओझ्याखाली सापडून गेला होता. हे लग्न ठरतानाच सांगितलं होतं. पुढच्या खोलीत त्याचा फोटोही होता. फोटोतला माणूस जरा त्रासिक चेहऱ्याने, फोटो काढणाऱ्याचं काय चुकतंय ते शोधत असल्यासारखा बघत होता.

तिने ओल्या शर्टाला चिमटा लावला आणि स्वतःची समजूत घातली. आई आहेत, बोलून गेल्या असतील. गेलेल्या माणसाला लोक असंच घरात वागवतात. तिची स्वतःची आईसुद्धा मावशी जाऊन इतकी वर्षं झाली तरी खिडकी लावताना म्हणायची, नको, तिला गुदमरतं.

मग तिने दुसरा शर्ट पिळून झटकला आणि तिचा हात तसाच थांबला. आपण रोज कामाचे दोन शर्ट वाळत घालतो. घरातून कामाला एकच माणूस जातो.

२

शर्टांचं असं होतं. स्वयंपाकघर आणि मागचं दार यांच्यामध्ये एक अरुंद बोळ होता, एका वेळी एकच माणूस मावेल असा. त्या बोळात भिंतीला दोन खुंट्या, आणि दोन्ही खुंट्यांवर कामाचे निळे शर्ट. लग्नानंतरच्या पहिल्याच सकाळी तिने विचारलं होतं, “दोन्ही धुवायचे?”

“दोन्ही. रोज,” सासूबाई म्हणाल्या होत्या. आणि दुसऱ्या शर्टाच्या खिशात हात घालून त्यांनी खडूचा तुकडा चाचपला होता. झिजून बोटभरही उरला नव्हता, म्हणून नवा घातला होता.

एक अंगावर, एक जास्तीचा, असा हिशेब तिने मनाशी जुळवून टाकला. नव्या सुनेने फार प्रश्न विचारू नयेत असं तिला कोणी सांगितलं नव्हतं. ते तिचं तिनेच ठरवलं होतं. गप्प बसलं की लोक आपल्याला गरीब समजतात आणि आपल्यासमोर मोकळेपणाने बोलतात, हा तिचा माहेरचाच अनुभव होता.

सासऱ्यांना तर गप्प माणूस म्हणजे पर्वणीच. दुपारी ते खुर्ची दाराशी ओढत, छत्री उलटी धरत आणि तिची वाकडी मूठ सुनेच्या नाकासमोर नाचवत.

“हा बघ सूनबाई, हा हुक. सकाळी पहिलं ओझं उचलायच्या आधी हा खाली घ्यायचा, कमरेइतका. फडक्याने ग्रीस पुसायचं. मग हातमोजा काढायचा. थंडी असो, काही असो, काढायचा! आणि उघडा तळहात आतल्या वळणातून असा फिरवायचा. तडा डोळ्याला दिसत नाही, हाताला लागतो. केसाएवढा असला तरी लागतो. मग हुक गोल फिरवून बघायचा, कुठे अडत नाही ना. आणि शेवटी तोंडावरची ही पट्टी, वायर निसटू नये म्हणून असते ती, दाबून सोडायची. खट्! तिने खट् म्हटलंच पाहिजे. नाही म्हटलं तर काम बंद. मग साहेब नाचू दे थयथय.”

“आणि सगळं नीट असलं तर?”

“तर खडू. हुकावर बरोबरची खूण करायची. पण ज्याने हात लावला त्यानेच. त्या एका खुणेवर बाकीचे सगळे खाली बिनघोर उभे राहतात.”

“छत्री जपून,” आतून सासूबाई. “मागच्या वेळी ओझं उचलून दाखवताना काडी मोडलीत.”

“ही आमची इन्स्पेक्टर,” सासरे डोळे मिचकावून म्हणाले. मग त्यांची बोटं गळ्याशी गेली. वरचं बटण सुटलं होतं. बोटं बटणावर होती, तरी बटण शोधत होती. वर गेली, खाली आली, पुन्हा त्याच जागी येऊन चाचपत राहिली. शेवटी त्यांनी मान पुढे केली. “तेवढं लावून दे ग. लोखंड चाचपून चाचपून बोटं मेली. हाताला लागेनासं झालं की माणसाने घरी बसावं. मी बसलो. कोणी सांगायच्या आधी बसलो.”

तिने बटण लावलं. ही गोष्ट मात्र तिच्या मनात राहिली, आणि धुण्याच्या दगडावर पुन्हा वर आली. कारण सासऱ्यांच्या सांगण्याप्रमाणे ज्याने हुक पुसला, चाचपला, फिरवला त्याच्या उजव्या बाहीला ग्रीस लागायलाच हवं होतं.

नवऱ्याच्या शर्टाच्या बाह्या स्वच्छ होत्या. घाम, धूळ, चहाचा एखादा डाग, बाकी काही नाही. दुसऱ्या शर्टाची उजवी बाही मनगटापासून वर काळी होती.

३

सकाळी शेडचा भोंगा व्हायच्या आधी घरात एक ठरलेली धांदल असे. मोरीत नवरा, चुलीशी सासूबाई, खुर्चीत सासरे, आणि फाटकाशी शिट्टी. शिट्टी म्हणजे नवऱ्याचा जोडीदार. नवरा वर केबिनमध्ये बसे आणि हा खाली उभा राहून हातवाऱ्यांनी नि शिट्टीने इशारे देई, म्हणून त्याचं नाव पडलं ते पडलंच. त्याच्या बायकोचंही म्हणे हेच म्हणणं होतं, की हा घरी दार उघडायलाही शिट्टी मारतो.

“वहिनी, सोडा त्याला!” तो फाटकावरून ओरडे. “क्रेन ताटकळलीय. बायकोचं काय, बायको संध्याकाळीही थांबेल!”

“क्रेनला म्हणावं, घेऊन जा कायमचा,” सासूबाई उत्तर देत आणि लगेच जीभ चावत.

या सगळ्या गलक्यात, रोज, एक बारीक आवाज व्हायचा. खट्. बोळातून. आधी तिला वाटलं कडी असेल. पण कडीचा आवाज कोरडा, लाकडाचा. हा लोखंडाचा होता आणि त्यात एक नेटकेपणा होता, काम झालं असं सांगणारा. पहिल्यांदा तिने मनातल्या मनात माणसं मोजली. मोरीत पाणी पडतंय, म्हणजे नवरा. डाव आपटतोय, म्हणजे आई. खुर्ची करकरतेय, म्हणजे बाबा. शिट्टी फाटकावर. मग ती बोळात गेली. पहिल्या खुंटीवर नवऱ्याचा शर्ट होता. दुसरी रिकामी होती.

संध्याकाळी दुसरा शर्ट परत खुंटीवर होता. बाही काळी.

नवरा पिशवीत घालून नेत असेल. तिने पिशवी पाहिली. डबा, पाण्याची बाटली, जुना पेपर. असेल, दुसऱ्या कशात नेत असेल. माणसाचं डोकं नव्या घरात फार जागा मागत नाही. मिळेल त्या कोपऱ्यात राहतं.

मग खुणा दिसायला लागल्या. पांढऱ्या, खडूच्या, बरोबरच्या. बादलीच्या कडीवर. कपड्यांच्या दोरीच्या आकड्यावर. मोरीतल्या खिळ्यावर. तिला हसूच आलं. सासरेबुवा घरबसल्या ड्यूटी करतायत! दुपारी बटण लावता लावता तिने विचारलंही, “बाबा, बादली पास झाली वाटतं?”

सासरे हसले नाहीत. त्यांनी छत्री भिंतीला टेकवली. “मी नाही ग,” एवढंच म्हणाले.

त्या दिवशी झोपण्याच्या खोलीत केर काढताना तिने वर पाहिलं. पंखा ज्या आकड्याला टांगला होता त्या आकड्यावरही खूण होती. छत उंच होतं. सासऱ्यांचे गुडघे असे, की त्यांना साधा उंबरा ओलांडताना भिंत लागे.

४

एके सकाळी ती जागी झाली तेव्हा नवरा आधीच उठून पलंगाच्या कडेला बसला होता. तिच्याकडे बघत होता. नव्या नवऱ्याने बायकोकडे बघावं यात वावगं काही नाही, पण तो तिच्या चेहऱ्याकडे बघत नव्हता. तिच्या हाताकडे बघत होता.

तिला कुशीवर, हात कोपरात दुमडून झोपायची सवय होती. कोपराच्या आतल्या बाजूला, जिथे हात वळतो तिथे, पांढरी खूण होती.

तिने ती पाहिली. आधी काहीच वाटलं नाही.  आणि मग, तिचा स्वभावच तसा, डोक्यात आलं, की चला, बघण्याचा कार्यक्रम अजून संपला नव्हता तर. आणि आपण पुन्हा पसंत पडलो.

“हे काय आहे?” तिने विचारलं.

नवऱ्याने अंगठ्याने ती खूण पुसली. हळू, जपून, पुसताना मोडेल की काय असं. त्याच्या चेहऱ्यावर भीती असती तर तिला बरं वाटलं असतं. भीती नव्हती. लहान भावंडाला जास्त खाऊ मिळाल्यावर मोठ्याचा होतो तसा तो चेहरा होता.

“दादा सगळं बघतो,” तो म्हणाला. “बादली बघतो, पंखा बघतो. तुलाही बघितलं, म्हणजे तू भार घेशील असं वाटलं असेल त्याला.” मग अंगठ्याला लागलेला खडू तो बोटांवर चोळत राहिला. “माझ्यावर कधी नाही केली. इतक्या दिवसांत एकदाही नाही.”

फाटकावर शिट्टी वाजली. तो उठून गेला.

तिला तेव्हाच विचारायचं होतं. का नाही केली? हुकाला तुम्ही हात का लावत नाही? शब्द तयार होते. पण मोरीत पाणी सुरू झालं, डाव आपटू लागला, बोळातून खट् आलं, आणि ती अंथरुणाच्या घड्या घालू लागली. प्रश्न उद्यावर टाकायची तिला तेव्हा सवय झाली होती. पुढे तिला या सवयीचा फार राग आला.

त्याच दिवशी दुसऱ्या शर्टाच्या बाहीचं बटण तुटलेलं सापडलं. निळा दोरा संपला होता. तिने काळ्या दोऱ्याने शिवून टाकलं. कोण बघतंय, असं मनाशी म्हणाली, आणि मग ते वाक्य तिला आवडलं नाही.

५

पुढच्या आठवड्यात नवरा डबा विसरून गेला. सासूबाई म्हणाल्या, राहू दे, मी भोंग्यानंतर पाठवते कुणाकडून. पण त्या वळल्या आणि सुनेने डबा उचलला. शेडची मागची भिंत घराच्या मागेच होती, फाटक दोन वळणांवर.

फाटकावरच्या रखवालदाराने तिला ओळखलं. “त्याची घरची ना? जा आत. पण भोंगा होईतो दाराशीच थांब. आणि इकडेतिकडे बघू नकोस.”

सुरक्षेचा नियम असेल, म्हणून ती मान खाली घालून आत गेली, आणि दारातून दोन पावलं टाकल्यावर तिने मान वर केली. मान खाली घालून फार वेळ चालणं तिला जमत नसे.

शेड एवढी उंच होती की आवाजाला वर जायला वेळ लागत असावा. काचांतून सकाळचा करडा उजेड उतरत होता. लोखंडाचा गार वास. मधोमध, वरच्या आडव्या क्रेनवरून, दोन जाड वायरींना टांगलेला हुक खाली घेतलेला होता, कमरेइतका. छत्रीच्या मुठीपेक्षा, तिच्या कल्पनेपेक्षा कितीतरी मोठा. एक माणूस त्याच्या वळणात आरामात बसू शकला असता.

माणसं कुठे आहेत ते कळायला तिला क्षणभर लागलं. ती सगळी होती. भिंतीच्या कडेकडेने, एका रांगेत, भिंतीकडे तोंड करून उभी होती. कोणी बोलत नव्हतं, खोकत नव्हतं. शिट्टीसुद्धा गप्प होता, मान खाली, शिट्टी मुठीत. हुकाच्या सगळ्यांत जवळ तिचा नवरा होता. त्याचीही पाठच. हात मागे बांधलेले, शाळेत कोपऱ्यात उभं केलेल्या मुलासारखे.

हुक फिरायला लागला.

वाऱ्याने फिरतो तसा नाही. हळूहळू, एक पूर्ण फेरा, आणि जिथून निघाला तिथे येऊन थांबला. टांगलेली वस्तू कधीच अशी थांबत नाही. थोडी पुढे जाते, मागे येते. हा थांबवल्यासारखा थांबला.

खट्.

तिने डोळे मिटायला हवे होते. तिने पाहिलं. हुकाच्या पलीकडच्या, अंधाऱ्या अंगाला एक बाही होती. निळी. तिच्या बटणाला काळा दोरा होता. बाहीच्या मागे काय होतं ते तिला दिसलं नाही, किंवा तिथे तिची नजर टिकेना. पण बाहीतून आलेला हात दिसला. करडा, झिजलेला, फार धुतलेल्या कापडासारखा. तळहात हुकाच्या आतल्या वळणावरून वर गेला. खाली आला. पुन्हा वर गेला. एका जागी थांबला, तिथे चाचपत राहिला, पुढे सरकला, परत त्याच जागी आला. बोटं त्या जागेवर होती, तरी ती जागा शोधत होती.

हे चाचपणं तिच्या ओळखीचं होतं. रोज दुपारी ती ते बघत होती. गळ्याशी, वरच्या बटणावर.

मग त्या हाताने खडू काढला. खूण केली. अर्धी हुकावर उमटली, अर्धी हवेत गेली.

भोंगा झाला. रांग वळली. कोणीतरी जांभई दिली, कोणी बिडीची चौकशी केली, एका क्षणात शेड कुठल्याही शेडसारखी झाली. नवऱ्याने लांबूनच खूण पाहिली, मान हलवली आणि शिडीकडे निघाला. तेवढ्यात त्याला ती दिसली.

“कधी आलीस?”

“आत्ताच.” तिने डबा पुढे केला.

“अरे वा, वहिनींची तपासणी!” शिट्टी लगेच सुरू झाला. “घाबरू नका वहिनी, आमच्या हुकाची डबल गॅरंटी असते. अख्ख्या कारखान्यात असा हुक नाही. बघणाराच तसा आहे.”

सगळे हसले. तिच्या जिभेवर वाक्य होतं. पण काय म्हणायचं? तुमच्या मेलेल्या भावाच्या हाताला काही लागत नाही? इतक्या माणसांसमोर, घरात येऊन चार दिवस झालेल्या बाईने? आणि ती चुकली असली तर? उजेड करडा होता. ती लांब होती. घरी जाऊन नीट विचार करू. संध्याकाळी बोलू.

“येते,” ती म्हणाली.

६

ओझं पडल्याचा आवाज तिने आयुष्यात ऐकला नव्हता, तरी ओळखला. ती घरी येऊन धुणं आटोपत होती. आधी क्रेनची घंटा, मग नेहमीची घरघर, आणि मग जमिनीतून काहीतरी आलं. बादलीतलं पाणी थरथरलं. त्यानंतरची शांतता फार मोठी होती.

सासूबाई बोळात धावल्या. तिने पाहिलं, त्या पहिल्या खुंटीकडे बघत होत्या. रिकाम्या. हात छातीशी.

नवरा वाचला होता, तो वर केबिनमध्ये होता. खाली शिट्टी होता.

दवाखान्यात शिट्टी पांढऱ्या चादरीखाली पडलेला होता आणि चादर एका बाजूला गुडघ्यानंतर सपाट होती. बाहेर बाकावर त्याची बायको, तिच्या शेजारी नवरा, दोघं भिंतीकडे बघत. सून आत एकटीच उभी राहिली. औषधाच्या गुंगीत शिट्टीची जीभ सैल झाली होती, पण विनोदाची सवय अजून गेली नव्हती.

“वहिनी, आता एका पायावर तयार म्हणतात तसा झालो की मी.” मग तो हसायचा थांबला. “हुकाच्या आतल्या वळणात तडा होता म्हणे. केसाएवढा नाही, चांगला नखाएवढा. हाताला लागलाच असता. कुणाच्याही हाताला.”

तिने पाण्याचा पेला त्याच्या उशाशी सरकवला.

“दादाने कसा सोडला? दादा असं करायचा नाही. जिवंत होता तेव्हासुद्धा आमच्या मागे लागायचा. आम्ही काय, थंडीच्या सकाळी गार लोखंडाला कोण हात लावतो? आधी खूण करून टाकायची, मग ऊन आल्यावर चाचपायचं, असं चालायचं सगळ्यांचं. दादा गेला त्या दिवशी खूण यानेच केली होती, धाकट्याने. दादाने खालून विचारलं, बघितलास का रे? हा म्हणाला, बघितला.” शिट्टीने डोळे मिटले. “दुसऱ्या सकाळपासून दादा स्वतः यायला लागला. आम्ही पाठ फिरवून उभे राहायचो. त्याच्या तोंडाकडे बघायचं कुणी? याला तर तो हुकाजवळही येऊ द्यायचा नाही, असं आपलं आम्हीच धरून चाललो. आणि खरं सांगू? बरं वाटायचं. आपल्यावर काही नाही असं वाटायचं.”

चादरीच्या सपाट भागाकडे तिला बघवेना, आणि दुसरीकडेही बघवेना. सकाळी जिभेवर होतं ते एक वाक्य. एक. म्हटलं असतं तर लोक हसले असते. फार तर सासरी तोंड दाखवायला लाज वाटली असती काही दिवस. त्या लाजेच्या बदल्यात एक पाय.

संध्याकाळी घरी दिवा लावायचं कोणाला सुचलं नाही. सासूबाई बोळात गेल्या, डब्यातून नवा, लांब खडू काढून आल्या. “खडू लहान झाला असेल,” त्या कोणालाच उद्देशून नाही असं म्हणाल्या. “नीट धरता आला नसेल त्याला. माझंच चुकलं, मी बघायला हवं होतं.”  

दुसरा शर्ट खुंटीवर आला होता. तिने तो धुवायला घेतला आणि धुण्याच्या दगडाशी तशीच बसून राहिली. आज उजवी बाहीच नव्हे, दोन्ही बाह्या काळ्या होत्या. मनगटापासून खांद्यापर्यंत. छातीवरही ग्रीस होतं, मिठी मारल्यासारखं. ज्या हुकाने ओझं सोडलं तो शेडच्या कोपऱ्यात काढून ठेवला होता, असं नवरा सांगत होता. दुपारभर कोणीतरी तो चाचपत बसलं होतं. कुठे होता तडा, कुठे होता, म्हणून.

तिने साबण लावला. पाणी काळं झालं, पुन्हा काळं झालं. तिला रडू आलं ते शिट्टीसाठी की या शर्टासाठी, ते तिला सांगता आलं नसतं.

७

सकाळी मोरीत पाणी पडलं. डाव आपटला. खुर्ची करकरली. फाटकावर शिट्टी वाजली नाही.

शेडमध्ये नवा हुक बसवला होता. नवरा बोळात खाली वाकून बुटांच्या नाड्या बांधत होता, आणि एकच गाठ त्याने तीनदा सोडली. सासरे भिंत धरून बोळाच्या तोंडाशी येऊन उभे राहिले होते. वरचं बटण उघडं. दुसऱ्या खुंटीवरचा शर्ट रात्रीत पुरता वाळला नव्हता. सासूबाईंनी त्याचा खिसा उघडला. त्यांच्या हातात तो लांब खडू होता.

“आई,” सून म्हणाली.

या घरात तिने स्वतःहून बोलणं सुरू केल्याचा कोणाला अनुभव नव्हता. तिघांनीही वळून पाहिलं. तिने सासूबाईंच्या बोटांतून खडू काढून घेतला. तो सोडायला त्यांना वेळ लागला, आणि तिने तेवढा वेळ दिला. मग ती नवऱ्यासमोर बसली, त्याचा उजवा हात नाडीवरून उचलला. तळहात मऊ होता, क्रेनवाल्याचा वाटू नये इतका. तिने त्यात खडू ठेवला आणि बोटं एकेक करून मिटली.

“मला नाही येऊ द्यायचा तो जवळ,” नवरा म्हणाला. आवाज फार लहान होता.

“कधी गेला होतात जवळ?”

त्याची मूठ खडूभोवती आवळली.

तिच्या पाठीमागे, दुसऱ्या खुंटीवर, ओल्या कापडाचा आवाज झाला. शर्टात हात घालताना होतो तसा. सासूबाईंची नजर तिच्या खांद्यावरून पलीकडे गेली आणि तिथेच राहिली; त्यांचे ओठ हलले. सासऱ्यांनी चेहरा भिंतीकडे वळवला, रोजच्या सवयीने. सून वळली नाही. वळली असती तर बोलणं पुन्हा राहून गेलं असतं. ओली, काळ्या दोऱ्याची बाही तिच्या कोपराला गार लागली. हात तिच्या दुमडलेल्या कोपराच्या आत चाचपत होता. वर, खाली, पुन्हा त्याच जागी. तिथे ती होती, तरी तिला शोधत होता.

तिने कोपर हलवलं नाही. भिंतीकडे तोंड केलेल्या सासऱ्यांकडे, खुंटीकडे बघणाऱ्या सासूबाईंकडे आणि खडू घट्ट धरलेल्या नवऱ्याकडे बघत ती मोठ्याने म्हणाली, “बाबा, हाताला लागेनासं झालं की माणसाने घरी बसावं, असं तुम्हीच म्हणाला होतात. मोठ्या भाऊजींच्या हाताला आता काही लागत नाही. मी काल पाहिलं आणि गप्प बसले. आजपासून हुक हे बघतील. मोठ्या भाऊजींना सुट्टी द्या आता.”